जोडायचा राहिलेला मोबाईल

नोकरीतली बरीच प्रकरणं आता मी फाईलसकट विसरलो आहे, हे एक मात्र जसंच्या तसं आठवतं. तेव्हा मी जिंतूर तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि माणूस बघताक्षणी ओळखतो असा माझा ठाम समज होता. या प्रकरणाने तो समज चांगलाच झोडपून काढला.

बुधवारी सकाळी चारठाण्याच्या बाजूच्या एका गावातून गुरुजी आले. गुरुजी म्हणजे गावातली पूजाअर्चा, सत्यनारायण, लग्नं लावणारे गृहस्थ. त्यांची सून मंगळवारी दुपारपासून घरात नव्हती. वय सव्वीस. मुलगा जिंतूरला एका कार्यालयात कारकून, रोज गाडीवर ये-जा करणारा. ठाणे अंमलदाराने मिसिंग दाखल केली, फोटो घेतला, वर्णन लिहिलं. दोन्ही घरांकडून नातेवाइकांची यादी मागवली. इथवर सगळं नेहमीसारखं होतं.

गुरुवारी सकाळी ठाण्यात फोन आला. गुरुजींच्या गल्लीतलाच माणूस होता, नाव सांगायला तयार नव्हता.

"साहेब, सोमवारी सांजच्याला नवरा-बायकूचं लय जोरात वाजलं व्हतं. आन धुणं धुवायच्या दगडापाशी बांगड्या फुटून पडल्यात. तुमी बघा म्हंजे कळंल."

बघितलं. हिरव्या काचेचे तुकडे खरोखरच दगडाच्या फटीत होते. पंचांसमक्ष ते उचलून पाकिटात घातले. तासाभरात पोरीचे दोन भाऊ पंधरा-वीस माणसं घेऊन ठाण्यात हजर. थोरला टेबलावर हात आपटून म्हणाला, "आमची बहीण मारली त्यानं. तुमी काय करायलाव, साहेब? त्याला चहा पाजायलाव का?"

चहा पाजत नव्हतो. नवऱ्याला मी चौकशीसाठी बोलावून बाकावर बसवलं होतं आणि त्याचा मोबाईल माझ्या रायटरच्या, म्हणजे ठाण्यातल्या लेखनिक शिपायाच्या, ताब्यात होता. सोमवारी भांडण झालं हे त्याने कबूल केलं. "ती म्हणत होती, चार दिवस जाऊ द्या. मी म्हणलं, आत्ता नको, घरात अनुष्ठान आहे, बाबा एकटे काय करतील?"

"कुठे जायचं होतं तिला?"

"माहेरी, साहेब. अजून कुठे?"

मी भावांना विचारलं. ते म्हणाले, आमच्याकडे ना सण ना कार्यक्रम, आमी बोलावलं न्हाई, ती कशाला येईल? झालं. नवरा खोटं बोलतोय अशी मी मनात नोंद करून टाकली. त्याच्यावर हात उचलला नाही, पण जिभेने कमी केलं नाही. एकच प्रश्न वीस वेळा फिरवून विचारला. त्याचं उत्तर दरवेळी तेच. शेवटी तो रडत म्हणाला, "साहेब, ती सांगितल्याशिवाय जाणार नाही. दुकानात गेली तरी मेसेज टाकते." मला ते पाठ केलेलं नाटक वाटलं. माणूस सरावला की रडणंसुद्धा संशयाच्या खात्यात जमा करतो. पोलिसांना हा रोग फार लवकर जडतो.

मोबाईलचं म्हणाल तर तिथेही मीच चुकलो. गुरुजींना पहिल्या दिवशीच विचारलं होतं, सुनेकडे मोबाईल आहे का? ते म्हणाले, "फोन असा नाही. मुलाचा जुना मोबाईल आहे, पण त्यात सिम नाही." सिम नाही म्हणजे कॉलचे तपशील नाहीत, टॉवर नाही, लोकेशन नाही. माझ्या दृष्टीने तो मोबाईल म्हणजे कोरी पाटी. घरातल्या फळीवर चार्जिंगला लावलेला मी डोळ्यांनी पाहिला होता आणि तिथेच सोडून आलो होतो.

शुक्रवारी सकाळी भाऊ पुन्हा आले. या वेळी माणसं पन्नास. मी त्यांना शब्द दिला, "संध्याकाळपर्यंत गुन्हा दाखल करतो." कलमं कोणती लावायची हेसुद्धा डोक्यात तयार होतं. खुनाच्या संशयावरून एक कारकून आत जाणार होता आणि ते काम मी माझ्या सहीने करणार होतो.

त्याआधी घराची शेवटची झडती घ्यायला गेलो. बरोबर महिला हवालदार होती, सेलू तालुक्यातली, वीस वर्षं नोकरी झालेली, थोडकं बोलणारी बाई. मी घरामागच्या विहिरीत गळ टाकायला लावून बाहेर उभा होतो. ती आतून तो जुना मोबाईल घेऊन आली.

"साहेब, हा कोणी बघितला का?"

"सिम नाही त्यात."

"सिम न्हाई हे मलाबी दिसायलंय. पण घरात नेट हाय ना. ही बाई नेटवरच मेसेज करत असंल. माझ्या घरी माझा बी असाच हाय, मालकांचा जुना."

"मग?"

"मग काय साहेब, आमच्याकडं लाईट जाती. नेटचा डबा बंद पडतो. पण आमी बसत न्हाई लाईटीची वाट बघत. मेसेज लिहून ठिवायचा, बटन दाबायचं आन कामाला लागायचं. लाईट आली की आपोआप जातो तो. मंगळवारी दुपारी लाईट गेलती का, इचारा की."

विचारलं. मंगळवारी बाराच्या सुमारास लाईट गेली होती, तीनला आली. सून त्याच वेळात, मोबाईल फळीवर ठेवून, घरातून निघाली होती. पण लाईट येऊन तीन दिवस झाले होते. लिहिलेला मेसेज असता तर एव्हाना पोचायला हवा होता. हवालदारबाईंनी मोबाईलचं बटण दाबलं. पडद्याला कुलूप होतं. ठाण्यात फोन लावून विचारलं, तर ते उघडायची नक्षी नवऱ्यालाही माहीत नव्हती. पण वरच्या पट्टीत नेटची खूण नव्हती. घरात नेट चालू होतं, गुरुजींच्या मोबाईलवर भजनं वाजत होती, आणि याच मोबाईलला ते मिळत नव्हतं.

"डबा कधी बदलला का?" बाईंनी विचारलं.

गुरुजी म्हणाले, "हो, मंगळवारीच. सकाळी अकराला नेटवाला येऊन नवा बसवून गेला. जुना नेला."

मी गळवाल्याला थांबायला सांगितलं आणि नेटवाल्याला बोलावून घेतलं. त्याचं दुकान बसस्टँडसमोर होतं. पोलीस म्हटल्यावर बिचारा घामाघूम होऊन आला. मी त्याला पहिला प्रश्न केला, "डबा बसवल्यावर कोणाकोणाचे मोबाईल जोडलेस?"

"गुरुजींचा जोडला, साहेब. टीव्ही जोडला. यांच्या पोरासाठी पासवर्ड कागदावर लिहून दिला. मी इचारलं होतं, अजून कुणाचा मोबाईल हाय का घरात? गुरुजी म्हणले, बस, एवढेच."

गुरुजी खाली बघू लागले. सून तेव्हा दहा हातांवर स्वयंपाकघरात होती. तिला कोणी विचारलं नाही आणि कोणी सांगितलं नाही. तिचा मोबाईल जुन्या डब्याचं नाव शोधत फळीवर पडून होता.

आता कुलूप उघडायचं कसं? दोन-चार चुकीच्या नक्ष्या काढल्या असत्या तर मोबाईल आणखी जाम झाला असता. प्रयोगशाळेकडे पाठवला तर अहवालाला महिने. संध्याकाळचा शब्द मी देऊन बसलेलो. मी नेटवाल्याला म्हटलं, "मोबाईल न उघडता त्याला नेट द्यायचंय. काहीही कर."

तो डोकं खाजवत उभा राहिला. मग म्हणाला, "साहेब, नव्या डब्याला जुन्याचं नाव देऊ. पासवर्डबी जुनाच ठेवू. मोबाईलला काय कळायलंय डबा बदललाय म्हणून? आपला समजून जोडून घेईल."

तीस वर्षांच्या नोकरीत इतकी सरळ युक्ती मला कोणी सांगितली नव्हती.

जुनं नाव आणि पासवर्ड मात्र कोणालाच आठवेना. जुना डबा त्याच्या दुकानात भंगाराच्या पोत्यात होता. शिपायाला पाठवून पोतंच आणवलं, अंगणात ओतलं. तसले अकरा डबे निघाले. गुरुजींनी आपला ओळखला, कारण त्यावर त्यांनी बसवल्या दिवशी हळदीकुंकू वाहिलं होतं आणि कुंकवाचा डाग तसाच होता. डब्याच्या बुडाशी कागदी पट्टीवर नाव आणि पासवर्ड छापलेला होता.

पुढचं करण्याआधी मी स्टेशन डायरीला फोनवरून नोंद करायला लावली, दोन पंच बोलावले आणि नवऱ्याला ठाण्यातून आणवलं. त्याचा मोबाईल रायटरच्या हातात, चालू. उद्या कोर्टात कोणी म्हणालं असतं की पोलिसांनी मोबाईलशी छेडछाड केली, तर उत्तर द्यायला कागद हवा होता. माझी नोकरी त्या कागदावर टांगलेली होती, याची मला पूर्ण जाणीव होती. पण मागे फिरायचं नाही असं मी ठरवलं होतं.

नेटवाल्याने नाव बदललं, पासवर्ड बदलला. मोठी अक्षरं, छोटी अक्षरं दोनदा ताडून पाहिली. डबा बंद करून चालू केला. आम्ही सगळे त्या फळीवरच्या मोबाईलकडे बघत उभे. पाच मिनिटं गेली, काही नाही. दहा गेली. झडतीच्या मागोमाग गावात आलेला थोरला भाऊ दारातून ओरडला, "खेळ लावलाव का साहेब? विहीर सोडून खेळणं धरलंव!"

मी नेटवाल्याला म्हटलं, "पुन्हा बघ. काय राहिलं?"

तो डब्यासमोर मांडी घालून बसला. आणि एकदम कपाळावर हात मारला. "मीच येडा! नव्या डब्यावर मी फकस्त वेगाचं नेट चालू ठिवलंय. इतक्या जुन्या मोबाईलला ते दिसतच न्हाई. ह्याला जुन्या पद्धतीचं पाहिजे. दोन्ही चालू करतो."

त्याने काहीतरी बदललं. डब्याचे दिवे गेले, पुन्हा आले. मिनिटभराने जुन्या मोबाईलच्या वरच्या पट्टीत नेटची खूण उगवली. हवालदारबाईंनी माझी बाही ओढली. तेवढ्यात रायटरच्या हातातला नवऱ्याचा मोबाईल वाजला.

रायटरने मोबाईल नवऱ्यासमोर धरला आणि त्याने तो उघडला. भावांना बाहेर ठेवून मी दार लोटलं आणि पंचांसमक्ष मेसेज वाचला.

"मी माहेरी नाही, मावशीकडे चालले आहे. तिचं अर्धं अंग गेलंय, जवळ कोणी नाही. लहानपणी तिनेच मला वाढवलं. दादा तिच्याशी बोलत नाहीत, म्हणून तुम्हाला तोंडाने सांगितलं नाही, बाबा लगेच त्यांना कळवतील. तुम्हाला पटलं तर गुरुवारी न्यायला या, आपण तिला घेऊन येऊ. नाही आलात तर तुमचं उत्तर मला समजेल. पण तिला टाकून मी येणार नाही."

खाली गावाचं नाव होतं, सोनपेठच्या पुढे गोदावरीकाठचं. भावांनी दिलेल्या यादीत या मावशीचा पत्ता नव्हता, कारण त्यांच्या लेखी ती मेलेली होती. नवऱ्याला अशी कोणी मावशी आहे हेच माहीत नव्हतं. त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "गुरुवार काल झाला, साहेब," एवढंच म्हणाला.

जीप काढली. मी, हवालदारबाई आणि नवरा. जिल्ह्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा तो रस्ता. मला सारखी भीती वाटत होती, की नवऱ्याचं उत्तर नाही आलं म्हणून पोरीने काही बरंवाईट तर केलं नसेल ना. नदी जवळ, पोरगी एकटी. चार वाजता आम्ही त्या गावात शिरलो.

पत्र्याच्या दोन खोल्यांचं घर होतं. ती दारात बसून मावशीला वाटीतून कण्या भरवत होती. जिवंत, धडधाकट. मनगटावर काचेची सुकत आलेली जखम होती, कपडे आपटताना बांगड्या फुटल्याची. पोलिसांची गाडी पाहून उभी राहिली, पण माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. नवऱ्याकडे पाहून म्हणाली, "एक दिवस उशीर केलात."

नवऱ्याने रायटरकडून परत मिळालेला आपला मोबाईल पुढे केला. "आत्ता पोचला. आज दुपारी."

तिने मोबाईल हातात घेतला, मेसेज पाहिला. मग विचारलं, "लाईट आलीच नव्हती का?"

"लाईट आली होती," तो म्हणाला. "तुझा मोबाईल जोडायचा राहिला."

तिने वाटी खाली ठेवली आणि पदर तोंडाला लावून ती रडली. मला त्या वेळी पाठ फिरवून गाडीपाशी जावंसं वाटलं, आणि गेलो.

पुढचं सगळं कागदावरचं. तिचा जबाब घेतला, स्वखुशीने गेल्याचा. पत्ता भावांना देऊ नये असं तिने लिहून दिलं, मी दिला नाही. हवालदारबाईंच्या मोबाईलवरून व्हिडिओ कॉल लावून भावांना तिचं तोंड दाखवलं, तेव्हा पन्नास माणसांचा जमाव पांगला. मावशीला त्याच आठवड्यात गुरुजींच्या घरी आणलं. गाडी मुलाने ठरवली आणि माजघरातली खाट स्वतः गुरुजींनी रिकामी केली. निनावी फोन करणाऱ्याचा मला राग नाही, त्याने जे ऐकलं ते सांगितलं. राग माझा मला आहे. दोन दिवस मी एका माणसाला त्याच्या खऱ्या बोलण्यासाठी छळलं आणि खरा साक्षीदार फळीवर चार्जिंगला लागून होता.

त्या प्रकरणानंतर कोणत्याही घरात चौकशीला गेलो की मी एक प्रश्न हमखास विचारायचो: घरात कोणाचं म्हणणं सगळ्यात शेवटी विचारलं जातं? त्या माणसाशी आधी बोलायचो. निम्मा तपास तिथेच लागायचा.

आणि त्या शुक्रवारी घरी गेलो तेव्हा बायको ओट्यावर बसून मोबाईल बघत होती. तो माझा जुना मोबाईल. मी म्हटलं, "आत पंख्याखाली बस की."

ती म्हणाली, "आत लागत नाही. इथे शेजारच्या वहिनींचं नेट पकडतं, त्यांनी पासवर्ड दिलाय. आपला डबा बदलला तेव्हा तुम्हाला सांगितलं होतं मी. तुम्ही म्हणालात, बघू."

डबा बदलून आठ महिने झाले होते. मी गणवेश न उतरवता तिच्या शेजारी बसलो, चष्मा लावला आणि म्हणालो, "आण इकडे."