अर्धा उजेड इकडे, अर्धा तिकडे

अभिमानाचे किस्से सांगायला मलाही आवडलं असतं. पण आमच्या युनिटमध्ये साठतात ते सगळे मान खाली घालायला लावणारेच! बुऱ्हाणपूरच्या बाहेर आम्ही तिघं बीम स्प्लिटर बनवतो: महाजन सर, कल्पना आणि मी. म्हणजे अर्धा उजेड आरपार सोडणारी आणि अर्धा परत फिरवणारी काच. तिच्या दोन्ही बाजूंवर अतिशय पातळ थर चढवायचे. कुठला थर किती जाड, हे ठरवणं म्हणजे डिझाइन.

*

इतवारा मोहल्ल्यात राहणाऱ्या माझ्या काकूने हे ऐकलं आणि कपाटाचा काळा पडलेला आरसाच पुढे केला. "याच्यावर थर लावून दे!"

"काकू, आमच्या मशीनमध्ये तळहाताएवढीच काच मावते."

"त मग इतकी वर्षं शिकला काय रे?"

मी चहा न घेताच उठलो.

*

मायक्रोस्कोप बनवणाऱ्या एका कंपनीला सॅम्पल द्यायचं होतं. पहिलं डिझाइन सरांचं. कॉम्प्युटरवर ग्राफ इतका सुरेख आला की सरांनी पेढे वाटले! पण मायक्रोस्कोपमध्ये काच तिरकी बसते आणि सरांनी हिशोब धरला होता सरळ येणाऱ्या उजेडाचा. सॅम्पल नापास.

सर फोनवर म्हणाले, "मग तुम्ही काच सरळ बसवून बघा ना!"

मी शेजारीच उभा होतो. कुठे तोंड लपवू, असं झालं.

*

दुसऱ्या वेळी मी मागच्या बाजूचा थर पुढच्याच बाजूवर चढवला. एका बाजूला सगळं, दुसरी कोरी!

सर म्हणाले, "त्या बाजूनं काय पाप केलं होतं रे?"

*

मग कल्पना. धुतलेल्या काचा सुकवायच्या गरम कपाटात तिने शेतातली कच्ची केळी पिकायला ठेवली. केळी झकास पिकली! पण त्यांची वाफ काचांवर बसली. थर पक्का आहे का बघायला कंपनीने चिकटपट्टी लावून ओढली, तर तो सोलून निघाला. वर विचारलं, "डिब्बे से केले की बास क्यों आ रही है?"

कल्पना दोन दिवस जेवली नाही.

*

आता शेवटची संधी. हेही नापास झालं तर युनिटला कुलूप, असं सरांनी सांगूनच टाकलं. या वेळचं डिझाइन कल्पनाचं. कंपनीचे साहेब स्वतः आले. काच तिरकी बसवली, उजेड मोजला. पुन्हा मोजला. चेहऱ्यावर काही नाही.

"ये डिझाइन किसका है?"

कल्पनाने ओढणी मुठीत घट्ट धरली. मी फरशीकडे बघू लागलो. तेवढ्यात सर हात जोडून पुढे झाले.

"साहब, मेरा है. जो गलती है, मेरी है. बच्चों को कुछ मत बोलिए."

साहेब गोंधळले. "कैसी गलती? आधा-आधा एकदम बराबर है!"

सर तसेच उभे. शेवटी कल्पनाच हळूच म्हणाली, "सर, हात खाली करा ना!"