वाचता येणारा शिक्का

ताईचा धंदा रबरी शिक्क्यांचा. गिऱ्हाईक म्हणेल तो मजकूर, म्हणेल तो आकार. वडिलांच्या मागे कारखाना दोघा भावंडांच्या वाट्याला आला, पण त्यात जीव अडकला होता तो ताईचाच. दादाने निर्वाणीचं सांगून टाकलं होतं, "वेबसाइट कर, नाहीतर मशीन विकून मोकळे होऊ. दुकानात येतंय कोण आता?"

वेबसाइट करायची तर प्रोग्रामर हवा, आणि तो शोधता शोधता ताईच्या नाकी नऊ आले. पहिला मुलाखतीला आला आणि धंदा कसा करावा हे ताईलाच शिकवून गेला. दुसरा काम अर्ध्यावर टाकून असा गायब झाला की फोनसुद्धा लागेना. तिसऱ्याने विचारलं, "शिक्के अजून वापरतात का लोक?" त्याला तिने चहाही न पाजता वाटेला लावलं.

शेवटी एक मुलगी मिळाली. तोंडाने अबोल, पण कामाला वाघ. पळालेल्याचं सगळं तिने निस्तरलं, वेबसाइट सुरू झाली आणि पहिलीच मोठी ऑर्डर आली ती एका हॉस्पिटलची, तिथल्या सगळ्या डॉक्टरांच्या शिक्क्यांची. ताई हरखून गेली. पण नेमकी तेव्हाच तिची दाढ ठणकायला लागली. मशीन दादावर सोपवून ती दातांच्या डॉक्टरकडे गेली.

माल पोचला आणि हॉस्पिटलमधून फोन आला. "अहो, ही काय थट्टा आहे? एक अक्षर धड उमटत नाही. उद्यापर्यंत नीट शिक्के द्या, नाहीतर आम्ही दुसरीकडे जातो."

ताईने मशीनपाशी राहिलेला एक शिक्का उचलला. रबरावर डॉक्टरांचं नाव सरळ, दारावरच्या पाटीसारखं. अहो, शिक्क्यावर अक्षरं उलटी कोरावी लागतात, तेव्हा कुठे ती कागदावर सुलटी उमटतात! तिच्या पायाखालची जमीनच सरकली.

"मशीनकडे अक्षरं उलटी जात होती," मुलगी चाचरत म्हणाली. "मला वाटलं, आधीच्याची चूक असेल. तुम्ही आधीच इतक्या वैतागलेल्या, म्हणून न बोलता दुरुस्त केली."

ताईला असा संताप आला की डोळ्यांत पाणीच आलं. ती दादाकडे वळली. "अरे, मशीनवर तू होतास ना? तुला दिसलं नाही?"

"दिसलं की. म्हटलं, इतक्या वर्षांत आपला शिक्का पहिल्यांदाच वाचता आला. बरं वाटलं जरा." मग घसा खाकरून तो म्हणाला, "हिला काढून टाक. मशीन विकायचंही बघू आता."

"हिला काढायचं तर आधी तुला काढावं लागेल!" ताई कडाडली. "ही आत्ता आलीय. तू याच फरशीवर रांगायला शिकलास!"

मुलगी डोळे पुसत बॅग आवरायला लागली होती. ताईने बॅग तिच्या हातातून ओढून घेतली.

"मला वाईट वाटेल म्हणून पुन्हा गप्प बसलीस तर याद राख. चूक दिसली की तोंडावर सांगायचं, माझी असली तरी. आता बस, आणि सगळं परत उलटं कर."