बाबांची छाती आणि राबाचा धूर

हॉस्पिटलातून बाबांना घरी आणलं तेव्हा त्यांनी एक लहानशी चौकोनी उशी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. अंगणात वाट बघत उभी असलेली मोठी काकी म्हणाली, "काय भावोजी, मुंबईवरनं लेकरू घेऊन आलात काय?"

"लेकरू नाय, फाटक हाय," बाबा म्हणाले. "आत तारेचं कुंपण घातलंय डॉक्टरनं. आता ढोरं घुसायची नायत."

सगळे हसले. मी हसले नाही, कारण ती उशी कशासाठी आहे हे मला माहीत होतं. बायपाससाठी बाबांच्या छातीचं मधलं हाड उभं कापलं होतं आणि नंतर ते तारेने बांधलं होतं. हाड जुळायला तीन महिने लागतात. तोवर काही उचलायचं नाही, हात ताणायचे नाहीत, आणि खोकला आला की उशी छातीवर घट्ट दाबून धरायची. घरी सोडताना सिस्टरने मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "खोकताना आतून कट् असा आवाज आला, हाड हलल्यासारखं वाटलं, तर वाट बघू नका. लगेच घेऊन या."

ते कट् मी आमच्या गावात घेऊन आले. मुरबाड तालुक्याच्या शहापूरकडच्या टोकाला आमचं गाव आहे. हॉस्पिटल तिथून किती लांब, ते आम्हाला बाबांना नेताना कळलं होतं. आता पुन्हा न्यायची वेळ आली तर ते वाटेतच... याच्या पुढचं वाक्य मी मनातही पुरं करत नसे.

घरात आम्ही तिघंच. बाबा खोकले की चुलीपाशी आईचा हात थांबायचा, मी असेन तिथे थांबायचे, आणि खोकला संपला तरी आम्ही दोघी हलायचो नाही. खोकल्यापेक्षा त्यानंतरच्या त्या शांततेची भीती जास्त होती. त्या शांततेत आम्ही कान देऊन असायचो. मग आई विचारायची, "वाजलं नाय ना?" बाबा मान हलवायचे, आणि घर पुन्हा सुरू व्हायचं.

आईने आधी फोडणी बंद केली. मिरचीचा ठसका नको म्हणून. नंतर चूलच बंद केली. आंघोळीचं पाणी उन्हात हंडे ठेवून तापवायला लागली आणि गॅसवर नुसती डाळ शिजवायला लागली. दोन दिवसांनी बाबांनी ताटाकडे बघून विचारलं, "हे मला वाढलंय का म्हशीला?"

"म्हशीला मीठ घालत नाय मी," आई म्हणाली.

मी शहापूरच्या एका शाळेत शिकवते. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. बाबांनी मला शाळेत घातलं तेव्हा त्यांना स्वतःला सहीपुरतंच लिहिता येत होतं. कॉलेजच्या दिवसांत पहाटे ते मला एसटीपर्यंत सोडायला यायचे आणि तिथूनच रानात जायचे. मला सुट्टी लागली होती हे माझं नशीब. त्यांची औषधं, पथ्य, भेटायला येणाऱ्यांचा चहा, त्यांना उठवून बसवणं, सगळं माझ्याकडे होतं. लहानपणी ज्या हातांनी मला उचललं, त्यांना आता तांब्याही उचलू द्यायचा नाही, हे पाळायला मला त्यांच्यापेक्षा जास्त जड जायचं.

आणि राब भाजायचे दिवस जवळ आले होते.

आमच्याकडे भाताचं रोप टाकायच्या जागेवर आधी राब करतात. शेणाचा थर, त्यावर झाडांच्या तोडलेल्या फांद्या म्हणजे कवळ, मग पातेरा म्हणजे वाळलेली पानं, गवत, आणि वरून बारीक माती. पावसाच्या आधी हे सगळं भाजायचं. आग भडकू द्यायची नाही, ती धुमसत धुमसत सरकली पाहिजे. म्हणून धूर पुष्कळ होतो. बाबा या राबासाठीच डोक्यावर कवळाचा भारा घेऊन येत होते तेव्हा छातीत कळ आली आणि ते बांधावर बसले. अर्धा राहिलेला तो राब मग मोठे काका आणि आईने पुरा केला. काका म्हणजे बाबांचे चुलतभाऊ, शेजारच्याच घरात राहतात.

सगळ्या आळीचे राब आमच्या घरांच्या मागे, मावळतीच्या अंगाला आहेत. उन्हाळ्यात वारा तिकडूनच येतो. वर्षानुवर्षं आम्ही तो धूर घरात घेत आलो आहोत. कपड्यांना त्याचा वास येतो, डोळे चुरचुरतात, दोन-चार दिवस खोकला राहतो. त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण त्या वर्षी पहिला राब पेटायच्या आधीच मला तो खोकला ऐकू यायला लागला होता.

मी घरोघर गेले. "बाबांचं हाड अजून जुळलं नाही. धुराने ठसका लागला तर तार तुटायची. थोडे दिवस थांबाल का?"

नाही कुणीच म्हणालं नाही. पलीकडची आजी म्हणाली, "तुझ्या बापाला मी अंगाखांद्यावर खेळवलाय. नाय पेटवत, जा." काकांनी विचारलं, "कवापर्यंत थांबायचं, बाय?" मी म्हटलं, "थोडं बरं वाटेपर्यंत." काका मग म्हणाले, "तू शिकलेली हायस. तू सांगतीस तर थांबू."

बाबांना हे दुसऱ्याच कुणाकडून कळलं. ते चिडले, पण चिडायचंही हळू होतं, श्वास लागू नये म्हणून. "लोकांना सांगून आलीस. ढगाला सांगितलंस काय?"

मला वाटलं, थोडे दिवस मिळाले हे काय कमी आहे.

एरवी आमच्याकडे आज एकाचा राब, चार दिवसांनी दुसऱ्याचा, असं चालतं. वैशाखभर कुठे ना कुठे धूर असतो, पण तो पातळ, विरलेला. त्या वर्षी माझ्या शब्दाखातर सगळे थांबले. आणि एके दिवशी सकाळी माळशेजच्या बाजूला काळे ढग उभे राहिले.

काका अंगणात आले तेव्हा त्यांच्या हातात पेंढ्याची पेंढी होती. ती बघूनच मला कळलं.

"बाय, आज लावायलाच लागल. भिजला तर राब गेला. मग रोप कुठं टाकू?"

"सगळे आजच लावणार?"

"सगळ्यांचाच राहिलाय ना."

बाबांना धूर लागू नये म्हणून मी महिन्याभराचा धूर एका दिवसात गोळा करून ठेवला होता. काकांचं वर्षाचं पोट त्या राबावर होतं, आमचंही.

काकाच म्हणाले, "ह्याला घेऊन मुरबाडला जा. बाजारपेठेत कोण राब भाजत नाय. जीप घरीच हाय." काकांचा मुलगा मुरबाड-कल्याण वडापची जीप चालवतो. तो माझ्याहून थोरला, मी त्याला दादा म्हणते. त्याने जीप दारात आणली. मागे पहिला धूर वर चढत होता. आम्ही दोघींनी बाबांना धरून बसवलं, औषधांची पिशवी घेतली, पाणी घेतलं, फाईल घेतली. निघालो.

मला वाटलं होतं, गाव मागे पडलं की धूर मागे पडेल. पण ढग काही आमच्या एकट्या गावावर आले नव्हते. वाटेतल्या प्रत्येक पाड्याला तेच दिसलं होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना राब धुमसत होते. धूर जमिनीलगत पसरून रस्त्यावर येत होता. दादाने दिवे लावले.

"काचा लाव ना रे!" मी ओरडले.

"लावल्यात गो. मागची एक चढत नाय."

मी ओढणी त्या फटीत कोंबली. तरी धूर आत आलाच. बाबांनी नाकाला टॉवेल धरला होता. त्यांचे खांदे आधी एकदा हलले, मग दुसऱ्यांदा. ते दाबून धरत होते हे दिसत होतं, आणि दाबून धरलेला खोकला जास्त जोराने येतो हेही मला माहीत होतं. मी म्हटलं, "आई, उशी दे."

आईने आपल्या मांडीकडे बघितलं. मग पायाशी. मग माझ्याकडे. उशी खाटेवर राहिली होती.

खोकला आला. तसा खोकला मी त्याआधी आणि त्यानंतर कधी ऐकलेला नाही. बाबा पुढे वाकले, त्यांचे हात हवेत काहीतरी शोधत होते. मी पिशवी चाचपत होते, फाईल पुढे करत होते, काय करत होते मला माहीत नाही. तेवढ्यात आई त्यांच्याकडे वळली. तिने दोन्ही हात त्यांच्या पाठीमागून गुंफले, स्वतःचा खांदा त्यांच्या छातीवर टेकवला आणि सगळा जोर लावून त्यांना आवळून धरलं.

माझ्या देखत त्या दोघांनी कधी एकमेकांचा हातही धरला नव्हता. लग्नकार्यातसुद्धा ते दोन टोकांना बसतात. आता पुढे पुतण्या बसलेला, मागे लेक, आणि आई त्यांना मिठी मारून होती. पदर खाली आला होता आणि प्रत्येक खोकल्याबरोबर तिचं डोकं हलत होतं. ती म्हणत होती, "खोका. मी धरलंय. खोका."

खोकला थांबला.

"गाडी बंद कर," आई म्हणाली.

दादाने रस्त्याच्या मधोमध जीप थांबवून इंजिन बंद केलं. चौघं कान देऊन. बाहेर काट्याकुट्यांची तडतड चालू होती. माझ्या मनात आलं, हे कट् झालं ते बाहेरचं की आतलं?

"वाजलं काय?" आईने विचारलं. तिने अजून हात सोडले नव्हते.

बाबांना बोलता येत नव्हतं. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते धुराचं की दुखण्याचं कळत नव्हतं. त्यांनी मान हलवली, पण हो की नाही, ते मला नीट कळलं नाही.

मुरबाडला पोहोचेपर्यंत आई तशीच बसली होती. तिथल्या डॉक्टरांनी बाबांना झोपवलं, हाडाच्या दोन्ही बाजूंना बोटं ठेवली आणि म्हणाले, "खोका."

मी भिंतीकडे तोंड केलं.

एकदा, मग पुन्हा एकदा. डॉक्टरांनी बोटं काढली. "हाड हलत नाही. आत्ता तरी ठीक वाटतंय. मोठ्या हॉस्पिटलला फोन करून विचारा, आणि सांभाळा."

'आत्ता तरी' हे शब्द मी घरी येईपर्यंत घोळवत राहिले. हॉस्पिटलच्या माणसाने फोनवर सांगितलं की ताप किंवा आवाज नसेल तर ठरलेल्या दिवशीच या. तो ठरलेला दिवस येईपर्यंत मी रोज त्यांच्या जखमेकडे बघत होते.

संध्याकाळी परत आलो तेव्हा घरांमागे काळे चौकोन पडले होते. ढग नुसते येऊन गेले, पाऊस पडलाच नाही. याबद्दल मला कुणी एक शब्द बोललं नाही. काका राखेने काळे झालेले, तसेच अंगणात आले. "वाजलं काय रे?"

"नाय," बाबा म्हणाले. घसा बसला होता. जीपला धरून ते मागच्या बाजूला बघत राहिले. मग म्हणाले, "तो कोपरा कच्चा राहिलाय."

"झाला हा बरा," काका माझ्याकडे बघून म्हणाले.

पुढे तपासणीत हाड जुळत असल्याचं डॉक्टरांनी सांगितलं. माझी भीती मात्र तेवढ्याने गेली नाही. ती इतर कुणाचीही गेलेली नाही, हे मला भाताच्या आवणीच्या वेळी कळलं. बाबा बांधावर इरलं पांघरून बसले होते, कामाला अजून बंदीच होती. आम्ही बायका ओळीने वाकून रोप लावत होतो. बाबा खोकले. माझा हात चिखलात थांबला. मान वर करून बघते तर सगळी ओळच थांबली होती. काकी, पलीकडची आजी, आई, सगळ्या तशाच वाकलेल्या, हातात रोप धरून. नांगरामागे काकाही उभे राहिले होते.

पावसात शांतता कसली, तरी आम्ही ऐकत राहिलो.

बाबांनी हात वर केला. "नाय वाजलं. लावा."

"मेल्या, सांगून खोकत जा," काका ओरडले, आणि आम्ही पुन्हा खाली वाकलो.