काटेवाल्याची लाल गाडी

सोमनाथ तिडके असं नाव घेतलं तर मखमलाबादच्या बाहेर कुणी ओळखणार नाही. पण ‘काटेवाले’ म्हणा, पिंपळगावपासून सटाण्यापर्यंत कुठल्याही कांद्याच्या खळ्यावरचा माणूस लगेच मोबाइल काढून नंबर देईल. वजनाचे इलेक्ट्रॉनिक काटे तपासायचे, दुरुस्त करायचे, हा त्याचा धंदा. घरचं दीड एकर रान होतं, त्यात शेवंती आणि झेंडू. ते सगळं बायको सुवर्णा बघायची. या गड्याचा जीव फुलांत कधी रमलाच नाही.

काटा तपासायची त्याची एक रीत होती. पाच किलोचं वजन आधी मधोमध ठेवायचं. आकडा बरोबर आला तरी मान हलवायची नाही. मग तेच वजन एकेका कोपऱ्यात. चारही कोपऱ्यांत पाच म्हणजे पाचच यायला हवेत. एका कोपऱ्यात जरी फरक पडला, की सोमनाथ बॅगेतून लाल पुठ्ठ्याची चिठ्ठी काढायचा. तिच्यावर लिहिलेलं असायचं, ‘नादुरुस्त. वापरू नये.’ ती काट्याला सुतळीनं बांधली की विषय संपला. सटाण्याचे व्यापारी खंडेराव शेठ दर वेळी त्याच्याशी हुज्जत घालायचे.

“मझार बरोबर शे ना भाऊ, मंग कसाले बंद करस?” मधोमध तर बरोबर आहे, मग बंद कशाला करतोस, असं त्यांचं म्हणणं.

“शेठ, गोणी काय दर वेळी मधोमधच पडते का?” सोमनाथ म्हणायचा. “कोपऱ्यात पडली की कुणाचा तरी गळा कापला जातो.” आणि सुतळीची गाठ आणखी आवळायचा. चहा पाजा, शिव्या द्या, ढिम्म हलायचा नाही.

या माणसानं आयुष्यात स्वतःसाठी म्हणून एकच गोष्ट घेतली. ती लाल स्कूटर. त्याआधी वीस वर्षं त्यानं छोट्या चाकांच्या स्कूटरवर हायवे तुडवला होता. शेजारून ट्रेलर गेला की ती बिचारी थरथरायची, आणि प्रत्येक खड्डा थेट मणक्यात. पन्नाशी आली, पोरगी हर्षाली पुण्यात नोकरीला लागली, आणि तिनंच हट्ट धरला, “पप्पा, आता नीट गाडी घ्या.” नीट म्हणजे कशी? तर दीडशेच्या वरच्या सीसीचं इंजिन, मोठी चाकं, रुंद टायर, एबीएसचा ब्रेक, आणि तोंड असं की कॉलेजच्या पोरांनी वळून बघावं. दसऱ्याला गाडी दारात आली. सुवर्णानं चाकाखाली लिंबू ठेवलं, हळदकुंकू लावलं, स्वतःच्या रानातल्या झेंडूची माळ घातली. मग कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

“पायापाशी हे मधेच काय टेंगूळ आलंय?”

“ही गाडी अशीच असते. तिथं पेट्रोलची टाकी आहे.”

“मग फुलांची पाटी कुठं ठेवायची? तुमच्या डोक्यावर?”

सगळी गल्ली हसली. सोमनाथही हसला. मागची सीट इतकी उंच की साडीवर एका बाजूला बसायची सोयच नाही. सुवर्णाला पंजाबी ड्रेस शिवून घ्यावा लागला. “म्हातारपणी पार कॉलेजकुमारी करून ठेवलं मला,” असं ती येईल त्याला सांगायची, आणि सांगताना तिला बरंच बरं वाटायचं.

सकाळी साडेसातला सोमनाथ निघायचा. सीटखालच्या डिकीत पाच किलोची दोन वजनं आणि हत्यारांची पेटी. आडगाव सुटलं की गाडीचा कान पिळायचा, आणि ती अशी उचलायची की मान मागं जावी. ऐंशीवरसुद्धा हँडल हलायचं नाही. घरी अबोल, बाजारात मोजकं बोलणारा हा माणूस हेल्मेटच्या आत मोठमोठ्यानं गायचा. ओझरपासून पिंपळगावपर्यंत भजनं, आणि पुढं चांदवडपर्यंत तोंडाला येईल ते. अडीच वर्षं त्याची अशी सुखात गेली. त्या सुखाचं कुणाला कधी काही बोलला नाही, पण रविवारी दोन तास ती गाडी पुसत बसायचा, त्यावरून घरातल्यांना कळायचंच.

मग मागच्या उन्हाळ्यात चांदवडच्या अलीकडं ते झालं. भरदुपार, सरळ रस्ता, वाहन नाही काही नाही. डाव्या कडेनं एक म्हातारी डोक्यावर टोमॅटोचं टोपलं घेऊन चालली होती. सोमनाथच्या हँडलचा तिला धक्का बसला. म्हातारी खाली, टोपलं खाली, टोमॅटो रस्ताभर. नशीब तिचं आणि त्याचंही, कोपरच तेवढं खरचटलं.

“डोळं फुटलं का रं मेल्या?” म्हातारी ओरडली.

सोमनाथ टोमॅटो गोळा करत होता. म्हातारीचं लुगडं लालभडक होतं. एवढ्या उन्हात ते त्याला दिसलंच नव्हतं. ओझरतं दिसलं आणि चुकलं, असंही नव्हतं. धक्का बसेपर्यंत तिथं कुणीही नव्हतं. घरी त्यानं कुत्रं आडवं आल्याचं सांगितलं.

आठवड्यानं तो कुणाला न सांगता गंगापूर रोडवरच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात गेला. तिथं एका मशीनसमोर हनुवटी टेकवून बसवलं. समोर, कडेला, कुठंही बारीक उजेड चमकला की हातातलं बटण दाबायचं. उजवा डोळा झाला. डाव्या डोळ्याच्या वेळी मधोमध दोनचार उजेड चमकले, मग सोमनाथ बसून राहिला, बसून राहिला, पुढचा उजेड काही येईना. शेवटी त्यानं आपल्या धंद्यातल्या सवयीनं सांगितलं, “मॅडम, तुमचं मशीन बंद पडलं वाटतं.”

“मशीन चालू आहे, काका,” डॉक्टरीण म्हणाली.

काचबिंदू. डाव्या डोळ्याची कड गेल्यात जमा, उजव्याचीही जायला लागलेली. मधलं स्वच्छ दिसतं म्हणून माणसाला कळत नाही. गेलेलं परत येणार नाही, राहिलेलं थेंब घालून टिकवायचं. आणि गाडी आजपासून बंद.

“पण मॅडम, मधलं तर बरोबर आहे ना?” सोमनाथनं विचारलं.

हे खंडेराव शेठचंच बोलणं, फक्त अहिराणी तेवढी काढलेली. त्याच्या ते ध्यानातसुद्धा आलं नाही.

आता अशा माणसाला काय म्हणावं? दुसऱ्याच्या काट्यातला एक कोपरा ज्याला खपत नव्हता, तो स्वतःचे दोन कोपरे गिळून घरी आला. बायकोला म्हणाला, चष्म्याचा नंबर वाढलाय. थेंबांची बाटली डिकीत वजनांच्या मागं दडवली. रोज टोलनाक्याच्या पुढं झाडाखाली थांबून, आरशात बघून थेंब घालायचा. डाव्या आरशावर आणखी एक गोल छोटा आरसा चिकटवला. मान सारखी वळवून बघायचा. गाणं बंद झालं. साठच्या वर जाणंही बंद झालं. खळी आणि दुकानं धरून दिवसात चार गावं व्हायची, ती एसटीनं कशी होणार होती? पण खरं कारण ते नव्हतं. गाडी सुटली की आपण घरातल्या कोपऱ्यात बसलेलं एक म्हातारं होणार, ही त्याला धास्ती होती. रोज सकाळी किल्ली फिरवताना त्याला लाज वाटायची, आणि तरी तो फिरवायचाच. असे पाच महिने गेले.

कार्तिकात सुवर्णाच्या बहिणीकडं, कलाबाईकडं, सटाण्याला नातवाचं बारसं निघालं. सुवर्णा म्हणाली, एसटीत उभं राहण्यापेक्षा आपल्या गाडीवर जाऊ. सोमनाथनं दोनतीनदा फाटे फोडून पाहिले. गाडी आवाज करतीय म्हणाला, थंडी आहे म्हणाला. “माझ्यासाठी तेवढी तुमची महाराणी बाहेर निघत नाही,” सुवर्णा फणकारली. मग त्यानं गाडी काढली आणि दोघं निघाली.

भावडबारीचा घाट उतरून गाडी देवळ्याच्या अलीकडं आली. डावीकडच्या शेतरस्त्यानं एक ट्रॅक्टर कांद्याच्या रोपांची ट्रॉली घेऊन हळूहळू हायवेवर चढत होता. सुवर्णाला तो केव्हाचा दिसत होता. आता हे ब्रेक मारतील, आता मारतील, म्हणून ती वाट बघत होती. गाडी सरळ चालली होती.

“अहो! ट्रॅक्टर! अहो!”

सोमनाथनं दोन्ही ब्रेक दाबले. गाडी ट्रॉलीच्या फाळक्यापासून वीतभर अंतरावर थांबली. ट्रॅक्टरवाल्यानं आईबहिणीवरून जे काय द्यायचं ते दिलं.

“दिसला होता मला,” सोमनाथ म्हणाला.

देवळ्याला दोघं चहाला थांबली. सोमनाथ बाकावर रस्त्याकडं तोंड करून बसला होता. सुवर्णानं चहाचा ग्लास आणला आणि त्याच्या डाव्या बाजूला उभी राहून पुढं धरला. अगदी गालापासून हातभर. वाफ येत होती. तो समोर बघत राहिला. बोटांना चटका बसायला लागला तरी तिनं हात मागं घेतला नाही.

“चहा सांगितला नाहीस का अजून?” त्यानं विचारलं.

“आणला की,” ती म्हणाली, आणि वळसा घालून उजवीकडून ग्लास दिला.

पुढचा सगळा रस्ता ती मागून बोलत होती. डावीकडं एसटी. डावीकडं बैल. डावीकडं शाळेची पोरं, हळू. बायकोचा आवाज एकदाही चढला नाही, एकही प्रश्न तिनं विचारला नाही. सोमनाथ ती सांगेल तसं करत गेला. हिला कळलंय, हे त्याला कळलं, आणि सटाणा येईपर्यंत हेल्मेटच्या काचेआड त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. बारशात त्याला घुगऱ्यांचा घास जाईना. परत येतानाही तिनं तसंच आणलं, डावीकडचं एकेक सांगत, थेट मखमलाबादच्या कमानीपर्यंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोमनाथ नेहमीसारखा डिकीत पेटी आणि बॅग ठेवत होता. सुवर्णा रानातून फुलं तोडून आली होती. पाटी ओट्यावर ठेवून तिनं त्यातलं एक झेंडूचं फूल उचललं.

“जरा खुर्चीवर बसा.”

“मला उशीर होतोय.”

“होऊ द्या. बसा म्हणते ना. माझ्या नाकाकडं बघा. डोळे हलवायचे नाहीत.”

तो बसला. तिनं फूल त्याच्या उजवीकडं वर धरलं. “दिसतंय?”

“दिसतंय.”

उजवीकडं खाली धरलं. “आता?”

“दिसतंय.”

मग बराच वेळ ती काही बोलली नाही. सोमनाथ तिच्या नाकाकडं बघत बसला होता. तिच्या नाकपुड्या थरथरताना त्याला अगदी स्वच्छ दिसत होत्या.

“धर की आता,” तो म्हणाला.

“धरलंय,” सुवर्णा म्हणाली. “आधी वर धरलं होतं. आता खाली धरलंय.”

फूल तिच्या हातातून ओट्यावर पडलं. दोघांनीही ते उचललं नाही. तिनं एवढंच विचारलं, “कधीपासून?”

“उन्हाळ्यापासून. ते कुत्रं नव्हतं, एक म्हातारी होती.”

“जिवंत आहे ना ती?”

“आहे. खरचटलं फक्त.”

“आणि तरी तुम्ही रोज जात होता,” ती म्हणाली. तिला ओरडायचं होतं, पण जमलं नाही. “काट्याचे दोन कोपरे गेल्यावर तुम्ही काय करता हो?”

सोमनाथ उठला. डिकीतून बॅग काढली, बॅगेतून एक लाल चिठ्ठी आणि सुतळी काढली, आणि गाडीच्या हँडलला बांधायला लागला. बोटांना गाठ सापडेना. यंदाच्या दसऱ्याची सुकलेली माळ अजून तिथंच अडकलेली होती, ती मधे मधे येत होती.

“गाडीला कशाला बांधता?” सुवर्णा कळवळून म्हणाली. “गाडीला काय झालंय? ती तर ठणठणीत आहे.”

त्याचा हात थांबला. चिठ्ठी हातात घेऊन तो तसाच उभा राहिला.

“मग कुठं बांधू, तूच सांग,” तो म्हणाला.

त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. बावीस-तेवीस वर्षं हायवेवर उन्हापावसात फिरलेला तिचा माणूस, अंगणात पोरासारखा उभा राहून रडत होता. सुवर्णाला ते बघवेना. ती त्याच्या डाव्या अंगाला उभी होती. तिथूनच तिनं पदर धरून त्याचा गाल पुसायला हात पुढं केला.

हात गालाला लागला तेव्हा सोमनाथ केवढ्यानं तरी दचकला.