ज्यूकबॉक्समधली नोरीन

"बी-सात वाजत नाही, कुलकर्णी! बाकी सगळं वाजतंय, तेवढंच नाही. पोरं माझ्या अंगावर येतायत!"

फोनवर अनंतअण्णा होते. कँटोन्मेंटमध्ये त्यांचं कॉफी हाऊस होतं. घराणं मराठी, पण पिढ्यान् पिढ्या बंगळूरचं. मी बेळगावचा. डिप्लोमा झाल्यावर मला सरकारी कारखान्यात नोकरी लागावी अशी घरच्यांची फार इच्छा होती. मला लागली ज्यूकबॉक्स दुरुस्त करण्याची. ज्यूकबॉक्स म्हणजे काचेचं कपाट. नाणं टाकायचं, बटण दाबायचं, की आतला हात रांगेतली हवी ती तबकडी उचलून वाजवतो. साठच्या दशकाच्या अखेरीस कॉलेजची पोरं त्यापायी कॉफी थंड करून प्यायची.

बी-सात या बटणावर गावातल्याच एका बीट ग्रुपचं इंग्रजी गाणं होतं. चार पोरं, गिटारी, ड्रम, आणि गाणारा डेरिक. गाण्याचं नाव 'नोरीन'. ती त्याच्यासाठी वेडी आहे, त्याच्याशिवाय तिला श्वास घेता येत नाही, रोज रात्री ती त्याच्यासाठी दार उघडं ठेवते, असं ते गाणं. तुफान चाललं. डेरिक मुंबईला निघून गेला.

नोरीन मात्र इथेच होती. अनंतअण्णांच्या गल्ल्यावर बसायची.

मी जाऊन ज्यूकबॉक्सचं पॅनेल उघडलं. बटण दाबलं की आत दोन पट्ट्या एकमेकींना टेकतात, त्याला आम्ही कॉन्टॅक्ट म्हणतो. बी-सातच्या पट्ट्या टेकत नव्हत्या. मध्ये केसांची प्लॅस्टिकची पिन होती, बटणाच्या फटीतून आत सरकवलेली. मी ती काढून खिशात टाकली आणि पट्ट्या तशाच दूर वाकवून ठेवल्या.

"काय झालंय?" अण्णांनी विचारलं.

"कॉन्टॅक्ट गेलाय. पार्ट मुंबईहून मागवावा लागेल."

अण्णा कपाळाला हात लावून स्वयंपाकघरात गेले. मी गल्ल्यावर जाऊन पिन काऊंटरवर ठेवली. नोरीनने ती उचलून केसात खोचली. लाजली नाही, घाबरली नाही. फक्त थकलेली दिसली.

"ज्यूकबॉक्ससाठी सुट्टे माझ्याकडूनच घेतात, मिस्टर कुलकर्णी," ती इंग्रजीत म्हणाली. "सुट्टे माझ्याकडून घेऊन माझंच गाणं लावतात. मग माझ्याकडे बघत उभे राहतात."

"नोकरी सोड."

"वडील अंथरुणाला खिळलेत. सोडून खायचं काय?" गल्ल्यातली नाणी रचत ती पुढे म्हणाली, "डेरिकने एकदा हात उगारला. त्यानंतर दार मीच लावलं, आतून. तो बाहेर बसून राहिला आणि त्याने हे गाणं लिहिलं. आता सगळ्या गावाला वाटतं, ते उघडंच आहे."

मी कॉफी मागवली आणि प्यायलोच नाही.

अण्णांनी दुसऱ्या दिवशी थेट आमच्या ऑफिसात फोन केला. मॅनेजरने मला समोर उभं केलं.

"कॉन्टॅक्ट गेलाय तर तबकडी दुसऱ्या खणात लाव. एवढं कळत नाही?"

कळत होतं. कुठल्याही मेकॅनिकला कळतं.

"सर, ते गाणं काही दिवस काढूनच ठेवलं तर?"

"मीटर बघितलास?"

ज्यूकबॉक्सच्या आत प्रत्येक गाण्याला एक मीटर असतो. गाणं किती वेळा लागलं ते तो दाखवतो. ज्याचा मीटर मागे पडतो ते गाणं काढायचं, पुढे असेल त्याला हात लावायचा नाही, हा ऑफिसचा नियम. 'नोरीन' सगळ्यांच्या पुढे होतं.

मी अण्णांना गाठलं आणि पिनेची गोष्ट सोडून सगळं सांगितलं. माणूस वाईट नव्हता. ऐकताना डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या.

"अय्यो, पोरगी सोन्यासारखी आहे हो. पण मी काढलं तर समोरचा हॉटेलवाला लावेल. गिऱ्हाईक तिकडे जाईल. मग तिचा पगार मी कुठून देऊ? तुम्हीच सांगा."

मी तबकडी बी-चारवर लावली. आवाजाची कळ कपाटाच्या आत असते, ती जमेल तेवढी खाली केली. पोरांनी त्यावर उपाय काढला. पोरं स्वतःच मोठ्याने गाऊ लागली.

पुढच्या सर्व्हिसिंगला मी तिथे असतानाच ते घडलं. एका पोराने नोट पुढे केली. नोरीनने सुट्टे मोजून दिले. तो म्हणाला, "आज दार उघडं आहे ना?" टेबलावरची सगळी हसली. नोरीन उठली. गल्ल्याची किल्ली तिने अण्णांच्या हातात दिली आणि सरळ बाहेर पडली. अण्णा "नोरीन, स्वल्प थांब गं" म्हणत पायरीपर्यंत धावले. ती थांबली नाही. बी-चार वाजतच होतं.

वडिलांना घेऊन ती कोलारला मावशीकडे गेली, एवढंच नंतर कळलं. तिथे काम मिळालं की नाही, कोणालाच ठाऊक नव्हतं. तिथल्या हॉटेलांत ज्यूकबॉक्स नसावा, एवढी प्रार्थना मी केली. रेडिओ तर सगळीकडेच होता.

पावसाळा सरेपर्यंत पोरांना दुसरं गाणं सापडलं. 'नोरीन'चा मीटर मागे पडला. नियमाप्रमाणे मी तबकडी काढली. कोणी हूं की चूं केलं नाही. गल्ल्यावर नवी मुलगी होती. ती म्हणाली, "चांगलं होतं की हो ते गाणं. का काढलंत?"

"आता कोणी लावत नाही."

"ही नोरीन खरंच होती का कोणी?"

मी पॅनेल बंद केलं आणि सही घ्यायला अण्णांना शोधू लागलो.

तेव्हापासून यंत्र बिघडल्याचा निरोप आला की मी आधी बघतो, त्याच्या सगळ्यात जवळ कोण बसतं. बिघाड लवकर सापडतो. दुरुस्ती मात्र यंत्राचीच होते.