मुरमाच्या ढिगावरची कळलावी

मंडळी, आमच्या झरीच्या घरात दुपारपासून सासू-सासरे एकमेकांशी बोलत नाहीत. कारण आहे एक रानफूल.

गोठ्यात चिखल होतो म्हणून सासऱ्यांनी उन्हाळ्यात गंगाखेडच्या डोंगरातून मुरूम आणून ठेवलेला. त्या ढिगातून कळलावी उगवली आणि आज तिला लाल-पिवळं फूल आलं.

सासरे फावडं घेऊन निघाले. "उपटून टाकतो. ही दारात असली की घरात भांडणं व्हतात."

सासूबाई आडव्या आल्या. "माझ्या माहेरच्या डोंगराची हाय ती. तुमच्या काळ्या मातीत किती येळा लावली, कुजलीच. तिला मुरूमच लागतो. हात तर लावून बघा."

मग जे जुंपलं ते दुपारच्या जेवणापर्यंत.

आता सासरे मला म्हणायलेत, "बघ, म्हणलं व्हतं का न्हाई?"

फूल मजेत हाय, मुरूम ढिगातच हाय, म्हैस चिखलात हाय. मी कुणाची बाजू घेऊ?