रांगेतला गोळा

माझी धाकटी मेहुणी कापडाच्या एका चार मजली दुकानात लिफ्ट चालवते. दुकानात तिला सगळे लिफ्टमावशी म्हणतात. तिच्याविषयी कुणीतरी लिहायला हवं, असं मला बरेच दिवस वाटत होतं. ते कुणीतरी म्हणजे मी असेन, असं मात्र वाटलं नव्हतं.

लिफ्ट जुनी आहे. जाळीचं दार हाताने ओढून नीट बसवल्याशिवाय ती हलत नाही. मेहुणी दाराशेजारी स्टुलावर बसते आणि आत आलेल्याच्या तोंडाकडे पाहून मजला सांगते. "पडदे ना? तिसरा. बायकोने पाठवलंय, हे दिसतंच आहे." पूर्वी ही लिफ्ट तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येताना मध्येच जराशी निसटायची. नोकरीच्या पहिल्या दिवशी ती अशी निसटली, तेव्हा आतली गिऱ्हाइकं ओरडली. "माझ्याही पोटात गोळा आला, भाऊजी," तिने मला एकदा सांगितलं होतं, "पण मला वाटलं, परत एकदा होऊ दे!"

पुढे लिफ्ट दुरुस्त झाली आणि गोळा यायचा बंद झाला. मग ती तो बाहेर शोधायला लागली. शहराबाहेरच्या करमणूक उद्यानात आधी पाळणे झाले, मग रोलर कोस्टर. माझे साडू फार लवकर गेले. पदरात लहान मुलगी, तीही काळजी करणारी; आई स्टुलावर चढली तरी स्टूल धरून उभी राहणारी. तिला आमच्याकडे सोडून मेहुणी "जरा बागेत जाऊन येते" म्हणायची आणि केसांचं घरटं करून परत यायची. मुलगी मोठी झाली, औषधांच्या दुकानात नोकरीला लागली, तरी आई अजून बागेतच जात होती.

तिकडे रांगेत उभं राहून राहून तिच्यासारख्याच चार-सहा वेड्यांची तिच्याशी दोस्ती झाली. त्यात एक बेकरीवाला आहे, एक निवृत्त मुख्याध्यापिका आहेत, एक रंगारी आणि त्याची बायको आहे. त्यांनी कोस्टर मोजायचं मापही ठरवलं आहे: गोळा. वळणावर पोट नुसतं हललं तर एक गोळा. उतरल्यावर आपलं नाव आठवायला वेळ लागला तर पाच. पाच गोळ्यांचा कोस्टर अजून कुणाला भेटलेला नव्हता. नियम एकच, आणि तो मुख्याध्यापिकांचा: रांगेतला गोळा धरायचा नाही. "वाट पाहताना येतो तो आपला स्वतःचा. त्याचे गुण कोस्टरला कशाला?"

अशात उद्यानात नवा कोस्टर उभा राहू लागला. दुकानाच्या गच्चीवरून तो दिसायचा. जेवणाच्या सुट्टीत मेहुणी सगळ्यांना लिफ्टमधून वर न्यायची आणि ही मंडळी कठड्याला टेकून हातातली पोळी खायची विसरायची. नारिंगी रूळ चढत गेले, तसतसे वाद चढत गेले. त्याचं नाव त्यांनी नवरी ठेवलं होतं. "नवरीला आज मान आली!" "मान कसली, नुसती पाठ आहे ती." चाचणीच्या फेऱ्या सुरू झाल्या तेव्हा माणसांऐवजी पाणी भरलेले प्लास्टिकचे पुतळे बसवले होते. बेकरीवाल्याला ते सहन झालं नाही. "पाण्याची माणसं बसून आली आणि आपण इथे उन्हात!"

पहिल्या गाडीतल्या जागांसाठी सोडत निघाली. त्यात एकट्या मेहुणीचा नंबर लागला. रविवारी सकाळची पहिली गाडी, पुढची रांग, एका पासवर दोघं. दुसरी जागा तिने मला दिली. मी हो म्हणालो नाही. "नाहीही म्हणाला नाहीत," ती म्हणाली, "म्हणजे येताय." मला स्टुलावरसुद्धा गरगरतं, पण मेहुणीपुढे ते कसं सांगणार?

घोटाळा झाला तो शनिवारी. मेहुणी फोन घरी विसरून कामावर गेली. फोन सारखा वाजत होता, म्हणून मुलीने उचलून पाहिला. आईने आदल्या रात्री मंडळींच्या ग्रुपवर लिहिलं होतं, "मला आता तीन गोळ्यांनी काहीच होत नाही. रविवारी पाच गोळ्यांशिवाय घरी यायचं नाही." खाली मुख्याध्यापिका: "जपून. मागे चार गोळ्यांनंतर पायऱ्यांवरच बसून राहिला होतात." त्याखाली बेकरीवाला: "मावशी, तुम्हीच आमच्या गुरू!"

दिवसभर गोळ्यांच्या पट्ट्या कापणारी मुलगी. तिला यात दुसरं काय दिसणार? तिने मला फोन लावला.

"काका, आईच्या गोळ्यांचं तुम्हाला माहीत आहे?"

मला वाटलं, अखेर आईने सांगितलं वाटतं. "हो, केव्हाचं."

"कधीपासून चाललंय हे?"

"लिफ्टमध्ये लागली तेव्हापासून. आधी थोडं थोडं होतं. आता तीनावर भागत नाही म्हणते."

"आणि तुम्ही गप्प बसलात?"

"मी काय बोलणार? मला झेपत नाही, म्हणून मी त्यात कधी पडलो नाही. उद्या मात्र मलाही ने म्हणतेय."

पलीकडून फोन आपटल्याचा आवाज आला.

संध्याकाळी मला बोलावणं आलं. टेबलावर मेहुणीचा फोन होता, तिच्या पर्समधली एक पत्र्याची डबी होती, आणि पास मुलीच्या मुठीत होता. मेहुणी कामावरून आली, चप्पल काढते न काढते तोच मुलगी म्हणाली, "सोमवारी डॉक्टर. तोवर घराबाहेर पाऊल टाकायचं नाही."

"सोमवारी? अगं, पहिली गाडी उद्या आहे!" मेहुणीचा चेहरा असा उतरला, की मला लिफ्टची आठवण झाली. "आणि डबीत काय पाहतेस? पेपरमिंट आहे ते. रांगेत तोंडाला कोरड पडते."

"माहीत आहे. चाखून पाहिलं."

"मग?"

"मग खऱ्या गोळ्या कुठे ठेवल्यास?"

मेहुणीने फोन उचलून वाचला. एकदा माझ्याकडे पाहिलं, पुन्हा वाचलं, आणि मग हसत हसत खुर्चीत बसली. "अगं, गोळी नाही, गोळा! पोटात येतो तो!"

मुलगी माझ्याकडे वळली. "काका, तुम्हीच म्हणालात ना, जुनी सवय आहे?"

"गोळ्यांचीच," मी म्हणालो.

"बघा, पुन्हा तेच!"

सगळं समजल्यावरही ती हसली नाही. "दुपारपासून सगळं घर उपसलं मी. इतकी वर्षं बागेत जाते म्हणालीस."

"झाडं आहेत गं तिथे."

"आई! मला का नाही नेलंस कधी?"

"तू झोपाळ्यावरून रडत उतरायचीस."

"तेव्हा मी दुधाच्या दातांची होते!" तिने मूठ उघडून पास सरळ केला. "दोघांसाठी आहे हा. दुसरं कोण?"

दोघींनी माझ्याकडे पाहिलं. मी इतक्या पटकन कधी बोललो नसेन. "माझी जागा तू घे."

"भाऊजी," मेहुणी म्हणाली, "ताईशी लग्न लागलं तेव्हासुद्धा तुमचा चेहरा इतका खुलला नव्हता!"

रविवारी मी खाली सगळ्यांच्या पिशव्या आणि चष्मे सांभाळत उभा होतो. रांगेत मायलेकी सगळ्यात पुढे होत्या. दोघींच्या गालात पेपरमिंट. गाडी कटकट करत चढणीला लागली. पुढच्या रांगेत दोन हात उंच वर आणि शेजारी एक डोकं पार खाली घातलेलं. टोकावर गाडी क्षणभर थांबल्यासारखी झाली, आणि सुटली. एक किंकाळी ऐकू आली. कुणाची, ते सांगता येत नाही.

उतरल्याबरोबर मंडळींनी घेरलं. "किती?"

मेहुणीने पुष्कळ विचार केला. "साडेचार."

बेकरीवाल्याने कपाळाला हात लावला.

"पाच," मुलगी म्हणाली. तिच्या केसांचंही आता घरटं झालं होतं.

"माझे साडेचार आणि तुझे पाच?"

"साडेचार वरचे. अर्धा रांगेतला."

"रांगेतला धरत नाहीत," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

"का नाही? रांगेत मी घाबरून आईचा हात धरला, तर तोच माझ्यापेक्षा जास्त थरथरत होता. विचारा तिला."

मेहुणी डबीच्या झाकणाची उघडझाप करत राहिली. मुख्याध्यापिकांनी तिच्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, "मग धरावाच लागेल." बेकरीवाल्याने टाळ्या वाजवल्या. नवरीला पाच गोळे मिळाले.

सोमवारी मुलीने आईला डॉक्टरांकडे नेलंच. शब्द तो शब्द. प्रकृती ठणठणीत निघाली. पण डॉक्टरांनी आधी नेहमीप्रमाणे विचारलं होतं, "गोळ्या वगैरे काही चालू आहेत का?" त्यावर दोघी इतक्या हसल्या, की बाहेर बसलेले पेशंट आत डोकावले.